डोकलामचे ७३ दिवस: एका न झालेल्या युद्धाचा प्रकरण अभ्यास

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पश्चिम नागपुरातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही पंधरा-वीस जण जमतो आणि एकच प्रकरण घेऊन त्यावर तीन तास बोलतो. निम्मे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी असतात, बाकीचे निवृत्त. मी राज्यशास्त्र शिकवत असल्यामुळे चर्चेनंतर प्रकरणाची लेखी मांडणी करण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले आहे. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षानंतर वादग्रस्त भूमीवरून शेजारी देशांत युद्ध पेटण्याची शक्यता आधी कशी ओळखायची, हा विषय घ्यावा असा विद्यार्थ्यांचा आग्रह होता. विषय मी मान्य केला, प्रसंग मात्र बदलला. ताज्या प्रसंगावर बोलताना प्रत्येकाच्या मनात निकाल आधीच लागलेला असतो आणि पुरावे नंतर गोळा केले जातात. म्हणून आम्ही डोकलाम घेतले: १६ जून ते २८ ऑगस्ट २०१७, एकूण ७३ दिवस, भारत आणि चीन या दोन अण्वस्त्रधारी देशांचे सैनिक समोरासमोर आणि एकही गोळी सुटलेली नाही.

न झालेल्या युद्धाचा अभ्यास करणे झालेल्या युद्धापेक्षा कठीण असते, हे पहिल्या अर्ध्या तासातच सगळ्यांच्या लक्षात आले. युद्ध झाले की कारणांची यादी करता येते. झाले नाही तर ‘होणारच नव्हते’ असे म्हणणारा आणि ‘थोडक्यात टळले’ असे म्हणणारा असे दोघेही तितक्याच ठामपणे बोलू शकतात. म्हणून प्रश्न आम्ही असा बांधून घेतला: जुलै २०१७ मध्ये नागपुरात बसलेल्या, कोणतीही गोपनीय माहिती नसलेल्या माणसाला युद्धाची शक्यता किती आहे, हे कशावरून ठरवता आले असते?

जागा, आणि १८९० सालचे एक वाक्य

डोकलाम हे सुमारे ८९ चौरस किलोमीटरचे, चार हजार मीटरहून अधिक उंचीवरचे पठार. पश्चिमेला सिक्कीम, उत्तरेला तिबेटचे चुंबी खोरे, दक्षिणेला आणि पूर्वेला भूतान. आमच्यातील एका विद्यार्थिनीने फळ्यावर नकाशा काढला तेव्हा वर चीन आणि खाली भारत लिहून मध्ये एक रेघ मारली, आणि भूतान लिहायचेच राहून गेले. मी मुद्दाम काही बोललो नाही. ही चूक तिच्या एकटीची नव्हती. २०१७ च्या उन्हाळ्यात आपल्या बहुतेक वाहिन्यांच्या पडद्यावरही हाच नकाशा होता. वस्तुस्थिती अशी की डोकलामवर भारताचा दावा कधीच नव्हता आणि नाही. हा वाद भूतान आणि चीन यांच्यातला असून त्यावर त्या दोघांच्या चर्चा १९८४ पासून चालू आहेत. भारताचा संबंध येतो तो दोन कारणांनी: तीन देशांच्या सीमा नेमक्या कुठे मिळतात हे ठरलेले नाही, आणि त्या पठाराच्या दक्षिण टोकाला जी जाम्फेरीची डोंगरधार आहे, तिच्या पलीकडे उतार थेट बंगालच्या सपाटीकडे येतो, जिथे ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणारी सिलिगुडीची पट्टी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम २२ किलोमीटर रुंद आहे.

वादाचे मूळ कागदात आहे आणि तो कागद वाचण्यात आम्ही तासभर घालवला. माझ्या मते बैठकीतला तो सर्वांत उपयोगी तास होता. १७ मार्च १८९० रोजी कलकत्त्यात ब्रिटिश आणि चिनी प्रतिनिधींनी सिक्कीम-तिबेट सीमेचा करार केला. त्याच्या पहिल्या कलमात दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. सिक्कीमच्या तिस्तेला आणि तिच्या उपनद्यांना मिळणारे पाणी एकीकडे आणि तिबेटच्या मोचूकडे जाणारे पाणी दुसरीकडे, अशी विभागणी करणारी डोंगरधार म्हणजे सीमा, ही पहिली गोष्ट. ही सीमा भूतानच्या हद्दीवरील गिपमोची पर्वतापासून सुरू होते, ही दुसरी. ज्यांनी हे लिहिले त्यांनी गिपमोची त्या जलविभाजक धारेच्या आरंभीच आहे, असे गृहीत धरले होते. पुढे मोजणी झाली तेव्हा पाणी विभागणारी मुख्य धार उत्तरेला बटांग-ला खिंडीपाशी वळते आणि गिपमोची, म्हणजे आजचे ग्यामोचेन, तिच्या दक्षिणेला सुमारे साडेसहा किलोमीटरवर पडते, असे दिसून आले. म्हणजे एकाच वाक्यातले तत्त्व एक जागा दाखवते आणि नाव दुसरी. चीन नाव धरतो. भारत आणि भूतान तत्त्व धरतात. या दोन बिंदूंच्या दरम्यान डोका-ला नावाची खिंड आहे आणि तिच्या पूर्वेला डोकलामचे पठार सुरू होते.

शेतीच्या बांधावरून कोर्टात गेलेल्या कोणालाही हे नवीन वाटू नये. सात-बारावर क्षेत्र एक, चतुःसीमा दुसरी आणि प्रत्यक्ष वहिवाट तिसरी, असे दावे आपल्याकडे दोन-दोन पिढ्या चालतात. फरक इतकाच की तिथे शेवटी भूमापक बोलावता येतो. इथे करारावर सही करताना ज्याच्या हद्दीचा उल्लेख केला, त्या भूतानला कोणी विचारलेही नव्हते. तिबेटला विचारले नाही, आणि ज्याची सीमा ठरवली जात होती, त्या सिक्कीमलाही नाही.

याच्यावर दोन अलीकडचे कागद चढतात. भूतान आणि चीन यांच्यात १९९८ साली करार झाला की अंतिम तोडगा निघेपर्यंत मार्च १९५९ पूर्वीची स्थिती कोणीही एकतर्फी बदलणार नाही. आणि भारत-चीनच्या विशेष प्रतिनिधींत २०१२ मध्ये असे ठरले की तिसऱ्या देशाचा संबंध असलेले सीमाबिंदू संबंधित देशाशी सल्लामसलत करूनच निश्चित होतील. चीनने २०१७ मध्ये नेहरूंच्या १९५९ मधील पत्रांचा दाखला दिला, ज्यांत १८९० च्या कराराला मान्यता दिसते. पण २६ सप्टेंबर १९५९ च्या पत्रातच नेहरूंनी, भूतानची सीमा चिनी नकाशांत चुकीची दाखवली आहे आणि तिची चर्चा या भागातील सीमेबरोबरच व्हायला हवी, असेही लिहिले होते. पत्र एक आणि त्यातून वेचलेले परिच्छेद वेगळे. विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगितले की, सीमावादात कोणी जुना कागद फडकावला तर त्याचे पुढचे पान मागावे.

सोळा जून आणि त्यानंतर

डोका-लाच्या जवळपर्यंत चीनचा कच्चा रस्ता बऱ्याच वर्षांपासून होता. चिनी गस्त गाडीने तिथपर्यंत येई, उतरून जाम्फेरीपर्यंत पायी जाई आणि परत फिरे. १६ जून २०१७ रोजी पायी चालण्याच्या त्या वाटेवर रस्ता बांधणारी यंत्रे आली. भूतानच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या २९ जूनच्या निवेदनानुसार हा रस्ता डोका-लाकडून झोम्पेलरी (जाम्फेरीचेच भूतानी नाव) येथील भूतानी लष्कराच्या तळाकडे नेण्याचे काम चिनी सैन्याने सुरू केले होते. भूतानी गस्तीने हटकले, उपयोग झाला नाही. १८ जूनला भारतीय सैनिक डोका-लाहून खाली उतरले आणि त्यांनी काम अडवले. चीनच्या सांगण्यानुसार ते २७० हून अधिक होते, त्यांच्याबरोबर दोन बुलडोझर होते आणि ते शंभरहून अधिक मीटर आत आले.

हे आकडे आमच्या चर्चेत फार महत्त्वाचे ठरले. पावणेतीनशेच्या आसपास माणसे आणि दोन बुलडोझर म्हणजे युद्धाची चढाई नव्हे. ती रस्त्याचे काम थांबवण्यापुरती, तेवढ्याच मापाची कृती होती. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्या खाली वळवलेल्या होत्या. धक्काबुक्की झाली, हातात हात गुंफून साखळी झाली. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असा भारत-चीन करार १९९६ मध्ये झाला होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये तुलुंग-ला येथे आसाम रायफल्सचे चार जवान मारले गेले, त्यानंतर या सीमेवर गोळीने कोणी मेले नव्हते. बेचाळीस वर्षांची ही सवय कागदावरच्या कोणत्याही कलमापेक्षा जास्त भारी होती, असे मला वाटते.

चीनने पुढे एक तपशील उघड केला, ज्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही: रस्त्याच्या कामाची पूर्वसूचना आपण १८ मे आणि ८ जून रोजी भारताला दिली होती, असे त्याचे म्हणणे होते. हे खरे धरले तर त्याचे दोन अर्थ लागतात. एक, चीनला हे काम निर्विवाद वाटत होते. दोन, त्याला भारताचा प्रतिसाद चाचपून पाहायचा होता. आमच्या बैठकीत यावर दोन तट पडले ते शेवटपर्यंत तसेच राहिले. माझा कल पहिल्याकडे आहे. चाचपायचे असते तर इतका लांब आणि इतका उघड पेच ओढवून घेण्याची गरज नव्हती, आणि भारतीय सैनिक तिसऱ्या देशाच्या दाव्यातील भूमीवर उतरतील, याची अपेक्षा बीजिंगमध्ये बहुधा नव्हतीच.

बोलणे एकीकडे, कोठार एकीकडे

आता मूळ प्रश्नाकडे. त्या उन्हाळ्यातले शब्द तापमापकावर ठेवले असते तर युद्ध उद्याच होते. चिनी संरक्षण मंत्रालयाच्या प्रवक्त्याने भारताला इतिहासातून धडा घेण्याचा सल्ला दिला. त्यावर ३० जूनला संरक्षण मंत्रिपद सांभाळणाऱ्या अरुण जेटली यांनी २०१७ चा भारत १९६२ च्या भारताहून वेगळा आहे, असे उत्तर दिले. त्याआधी ८ जूनला लष्करप्रमुख बिपिन रावत अडीच आघाड्यांवरील (चीन, पाकिस्तान आणि देशांतर्गत बंडखोरी) युद्धाच्या तयारीबद्दल बोलले होते. जुलैत पाकिस्तानी वाहिनीवरून भारताचे दीडशेहून अधिक जवान ठार झाल्याची धादांत खोटी बातमी सुटली आणि परराष्ट्र मंत्रालयाला ती नाकारावी लागली. २ ऑगस्टला चीनने पंधरा पानी भूमिका-पत्र काढले. ऑगस्टच्या मध्यास शिन्हुआ या चिनी वृत्तसंस्थेने भारताची ‘सात पापे’ मोजणारी चित्रफीत काढली, ज्यात नकली दाढी आणि पगडी लावलेला एक माणूस होता. आपल्याकडे तिच्यावर जितका संताप व्यक्त झाला, तितके हसायला हवे होते.

या यादीवर चर्चा रंगली असताना आमचे एक ज्येष्ठ सदस्य, जे दारूगोळा कारखान्यातून चार्जमन म्हणून निवृत्त झाले आहेत आणि ज्यांना सगळे काका म्हणतात, ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सर, टीव्हीवाले काय बोलून राहिले ते सोडा. कारखान्यात ओव्हरटाइम लागला का, डेपोतून गाड्या कोणत्या दिशेनं चालल्या, ते पाहा. लढाई तोंडानं नाही होत, साठ्यानं होते.”

नागपुरात हे वाक्य नुसते चमकदार म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो साठा आपल्या अंगणात आहे. काकांनी मग फळ्यावरच मांडून दाखवले. तोफगोळ्याचे धातूचे कवच, ज्याला कारखान्यात ‘एम्प्टी’ म्हणतात, ते अंबाझरीला तयार होते. पिनाका रॉकेटचे कामही तिथेच. स्फोटके आणि प्रणोदक, म्हणजे गोळा पुढे ढकलणारी दारू, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात. कवचात स्फोटक भरण्याचे, म्हणजे ‘फिलिंग’चे, काम भद्रावतीजवळच्या चांदा कारखान्यात. भरलेल्या मालाच्या प्रत्येक लॉटमधून काही नग उडवून पाहतात, त्याला ‘प्रूफ’ म्हणतात. प्रूफमध्ये लॉट नापास झाला तर सगळा मागे येतो. पास झालेला माल साठवायला वर्धा जिल्ह्यातले पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, जिथे मे २०१६ च्या अखेरीस रात्री लागलेल्या आगीत पंधराहून अधिक लोकांचे प्राण गेले होते. ही सगळी साखळी नागपूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, आणि तिचे कारखाने चिनी आक्रमणाच्या त्याच साठच्या दशकात उभे राहिले. “कवच तयार आहे म्हणून गोळा तयार आहे, असं नसते,” काका म्हणाले. “फ्यूज नाही आला तर एम्प्टी रॅकवरच पडून राहते.”

काकांच्या कसोटीचे एक सार्वजनिक उत्तर त्याच महिन्यात संसदेच्या पटलावर आले होते. २१ जुलै २०१७ रोजी, पेच ऐन भरात असताना, नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल मांडला गेला. लष्कराने ४० दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका राखीव दारूगोळा ठेवावा आणि किमान स्वीकारार्ह पातळी २० दिवसांची असावी, हा निकष. सप्टेंबर २०१६ मध्ये तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांचा, साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. त्याच सुमारास तातडीच्या दारूगोळा खरेदीचे वाढीव अधिकार लष्कराच्या उपप्रमुखांना देण्यात आले.

विद्यार्थ्यांपैकी एकाने लगेच निष्कर्ष काढला की भारत लढू शकत नव्हता. हा निष्कर्ष घाईचा आहे. दहा दिवस हा हिशेब सगळ्या आघाड्यांवर पूर्ण तीव्रतेने चालणाऱ्या युद्धाचा आहे, एका पठारावरच्या चकमकीचा नव्हे. आणि चुंबी खोऱ्यात उतरणारी कोणतीही चिनी फौज सिक्कीमच्या बाजूच्या उंच धारेवरून भारतीय ठाण्यांच्या नजरेखाली येते. डोकलामपुरते बोलायचे तर भूगोल भारताच्या बाजूला होता. पण पेच डोकलामपुरता राहील याची हमी कोण देणार? १५ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, हजार किलोमीटरहून अधिक दूर लडाखमध्ये पँगाँग सरोवराकाठी दोन्ही सैन्यांत दगडफेक झाली. माझ्या मते ७३ दिवसांतला सर्वांत धोकादायक दिवस तो होता, कारण त्या दिवशी वादाने जागा बदलली.

चीनच्या बाजूलाही कोठाराची कसोटी लावावी लागते. उंचीवर मोठी फौज लढवायची तर ती आधी आणून तिथल्या विरळ हवेला सरावू द्यावी लागते, आणि ऑक्टोबरपासून खिंडी बर्फाने भरू लागतात. जून-जुलैचा पाऊस, ३ सप्टेंबरपासून शियामेन येथे चीनच्याच यजमानपदाखाली होणारी ब्रिक्स परिषद, १८ ऑक्टोबरपासून चिनी कम्युनिस्ट पक्षाचे एकोणिसावे महाअधिवेशन: या दिनदर्शिकेत मोठ्या युद्धाला जागा शोधावी लागत होती. १९६२ चे युद्ध २० ऑक्टोबरला सुरू झाले, हे खरे. पण तेव्हा बीजिंगला पाहुण्यांची यादी सांभाळायची नव्हती.

नागपूरकरांसाठी तिसरी एक खूण होती, जी रोजच्या वर्तमानपत्रात छापून येत होती आणि तरी कोणी तिला युद्धाशी जोडत नव्हते. नागपूर मेट्रोच्या ६९ डब्यांचे कंत्राट २०१६ मध्येच चीनच्या सीआरआरसी कंपनीला मिळाले होते. राखीपौर्णिमेच्या आधी चिनी राख्या घेऊ नका, असे संदेश मोबाइलवर फिरत असताना मेट्रोच्या चिनी डब्यांचे काम मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहिले. मार्च २०१९ मध्ये प्रवासी त्यांत बसले. २०१७ या एका वर्षात भारत-चीन व्यापार ८४ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. व्यापार असला म्हणजे युद्ध होत नाही, हा समज १९१४ मध्ये युरोपात खोटा ठरला आहे, त्यामुळे त्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. पण सरकारे खरोखर युद्धाच्या वाटेवर असतील तर सर्वांत आधी मोठी कंत्राटे थबकतात, देणी अडतात, विम्याचे आणि जहाजभाड्याचे दर हलतात. यातले काहीही त्या उन्हाळ्यात दिसले नाही. चीनने थांबवली ती नाथू-लामार्गे जाणारी कैलास-मानसरोवर यात्रा. म्हणजे रागाचा खर्च यात्रेकरूंच्या माथी मारला, व्यापाऱ्यांच्या नव्हे. हा फरक वाचता यायला हवा.

दोन निवेदने

पडद्यामागे काय चालले होते, त्याचे बाहेर दिसणारे टप्पे थोडके आहेत. ७ जुलैला हॅम्बुर्ग येथे जी-२० परिषदेत नरेंद्र मोदी आणि शी जिनपिंग यांचे बोलणे झाले. २० जुलैला परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत दोन्ही बाजूंनी सैन्य मागे घ्यावे, अशी भूमिका मांडली. २७-२८ जुलैला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोभाल बीजिंगला जाऊन चीनचे स्टेट कौन्सिलर यांग च्येछी यांना भेटले. चीनची जाहीर अट मात्र एकच होती: भारताने आधी आणि बिनशर्त माघार घ्यावी. त्याच वेळी चीनचे २ ऑगस्टचे पत्रक असेही सांगत होते की, जुलैअखेर भारताचे केवळ चाळीसच्या वर सैनिक आणि एक बुलडोझर उरले आहेत. भारताने संख्या घटल्याचे मान्य केले नाही. तरी चीनने हा आकडा जाहीर का करावा? ज्याला युद्धच करायचे आहे, तो शत्रूची संख्या फुगवतो. कमी करून सांगत नाही. विद्यार्थ्यांनी त्या दिवशी टिपून घेतलेल्या गोष्टींपैकी ही मला सर्वांत मोलाची वाटते, आणि ती त्यांच्यातल्याच एकीच्या लक्षात आली.

२८ ऑगस्टला प्रकरण मिटले ते दोन निवेदनांनी. दिल्लीने सांगितले की, डोकलाम येथे समोरासमोर असलेले सीमा सैनिक त्वरेने मागे घेण्याचे मान्य झाले असून ते काम चालू आहे. बीजिंगने सांगितले की, सीमा ओलांडून आलेली भारतीय माणसे आणि सामग्री मागे गेली असून चीन आपले सार्वभौम अधिकार वापरत राहील, गस्त चालू राहील, आणि जागेवरील बदल लक्षात घेऊन तैनातीत फेरफार करील. रस्त्याबद्दल विचारल्यावर हवामानासह सर्व बाबी पाहून बांधकामाचे ठरवू, असे उत्तर आले. दोन्ही निवेदने शेजारी ठेवून वाचली की कळते, दोघांनीही एकमेकांचे वाक्य खोडले नाही. दिल्लीने ‘दोघांनी’ असे ठासून म्हटले नाही, बीजिंगने ‘रस्ता होणारच’ असे म्हटले नाही. गावातला जुना भांडणतंटा मिटवताना पंच दोघांना वेगवेगळ्या ओसरीवर नेतात आणि प्रत्येकाला त्याच्या घरी सांगण्याजोगे काहीतरी देतात. तशातला हा प्रकार. आपल्याकडे तो विजय म्हणून साजरा झाला आणि मला तेव्हाही तो शब्द मोठा वाटला होता.

प्रश्नाचे आमचे उत्तर लेखी स्वरूपात असे आहे. ठरवून केलेल्या मोठ्या युद्धाची शक्यता २०१७ मध्ये कमी होती. साठा, ऋतू, दिनदर्शिका आणि चालू राहिलेली कंत्राटे हे सर्व त्याच बाजूला बोट दाखवत होते. अपघाताने पेट घेण्याची शक्यता मात्र शब्दांच्या आरडाओरड्याखाली झाकली गेली आणि ती बरीच जास्त होती, कारण शे-दोनशे मीटरवर उभ्या असलेल्या तरुण शिपायांपैकी एकाचा तोल जाणे पुरेसे होते. ही भीती पोकळ नव्हती, हे १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये दिसले, जिथे गोळी न झाडता भारताचे २० जवान गेले. काकांना हे उत्तर पूर्ण पटलेले नाही. त्यांच्या मते साठ्याचा कागद शत्रूलाही वाचता येतो, आणि २१ जुलैचा अहवाल बीजिंगमध्ये वाचला गेला असेल, तर त्याने मोह वाढवला असता. या आक्षेपात दम आहे.

त्यानंतर

जिथे पेच झाला तिथून रस्ता पुढे गेला नाही. उत्तर डोकलाममध्ये मात्र चिनी सैन्य, जे आधी हिवाळ्यात परत जाई, ते बर्फातही राहू लागले. निवारे, रस्ते उभे राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये उपग्रहचित्रांत पांगडा नावाचे नवे गाव दिसले, पेचाच्या जागेपासून सुमारे नऊ किलोमीटर पूर्वेला, भूतान ज्या नदीखोऱ्याला आपले म्हणतो तिथे. डोका-लाहून जाम्फेरीकडे जाणारा रस्ता अडला, म्हणून त्या धारेकडे नदीच्या बाजूने सरकण्याची सोय होत असल्याचे ती चित्रे दाखवतात. भारतीय सैनिक तिथे उतरले नाहीत. तिथे त्यांची चौकी नाही आणि भूतानने बोलावल्याचे काही जाहीर झाले नाही.

भूतानने या सर्व काळात कमालीचे मोजके बोलणे पसंत केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने चीनशी सीमाचर्चेच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यावर सही केली. सात वर्षांच्या खंडानंतर चर्चेची पंचविसावी फेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये बीजिंगला झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये पंतप्रधान लोटे शेरिंग यांनी बेल्जियमच्या एका दैनिकाला सांगितले की डोकलामचा प्रश्न एकट्या भूतानने सोडवायचा नाही, त्यात तीन देश आहेत आणि त्यांत कोणी लहान-मोठा नाही. दिल्लीत त्यावर बरीच चुळबूळ झाली, कारण चीनला या प्रश्नात समान वाटेकरी मानणे आपल्याला परवडणारे नाही. आमच्या बैठकीत हे विधान वाचून दाखवले तेव्हा नकाशा काढणारी विद्यार्थिनी उठली आणि तिने फळ्यावर राहून गेलेले नाव लिहिले. तीन सीमांचा बिंदू तिने दोन ठिकाणी काढला, एक बटांग-लाला आणि एक ग्यामोचेनला, आणि कोणता पुसायचा, असे मला विचारले. मी दोन्ही राहू द्यायला सांगितले.